सातवा परिच्छेद

गेल्या चातुर्मासात आमच्याकडे एक जुने दप्तर आले. उज्जयिनीत शिंदेशाहीच्या काळापासून राहत आलेल्या एका मराठी घराण्याचे ते दप्तर. लाल खारव्यात बांधलेले, कडा वाळवीने खाल्लेले आणि अथपासून इतिपर्यंत मोडीत. आम्ही मराठीचे एम. ए., तेव्हा मोडी आम्हांस अवगत असणारच, असा घरमालकांचा समज. तो समज आम्ही वेळीच दूर केला नाही, हा आमचा दोष. रात्री दहापर्यंत डोळ्यांवर ताण देऊन बसलो, तेव्हा कोठे पहिल्या कागदाच्या सात ओळी लागल्या. मोडीचे दुखणे असे की, लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे टांगत जातो. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, याची खूण म्हणून काही नसते. तोड कोठे पाडायची हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. आणि तोड चुकली की अर्थ चुकला.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. आता तो इंदूरला नोकरी करतो. नमस्कार करून बसला, पाणी प्याला, आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवीत म्हणाला, “सर, तुम्ही पोथ्या वाचता, हाही वाचून द्या. मला अर्थ कळला आहे. पण माईला समजेल असा सांगता येत नाही.” कागद एका प्रयोगशाळेचा होता. त्यात एकच ओळ महत्त्वाची होती: एसएमएन-१ जनुक, सातवा एक्सॉन, प्रत एक.

त्याची हकीकत आम्हांला ठाऊक होती. त्याच्या थोरल्या भावाची पहिली मुलगी २०२३ साली, चौदा महिन्यांची असताना गेली. तिला आम्ही दोनदा पाहिले होते. डोळे विलक्षण पाणीदार, कोणी खोलीत आले की नजर त्याच्या पाठोपाठ फिरे, आणि हसे तर सगळा चेहरा हसे. पण मान धरली नाही, पालथी पडली नाही, पाय बेडकासारखे फाकून नुसती पडून असायची. रडण्याचा आवाजही मांजराच्या पिलासारखा बारीक. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, बाळंतिणीने पथ्य पाळले नाही. एका डॉक्टरांनी, काही मुले उशिराच बसतात, असे सांगून चार महिने घालविले. निदान झाले तेव्हा श्वासाचे स्नायूही थकत चालले होते. रोगाचे नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, संक्षेपाने एसएमए. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम पोचवितात, त्या एकेक करून मरत जातात आणि हुकूम न मिळालेले स्नायू वाळतात. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही. वेर्डनिग या वैद्याने १८९१ साली आणि हॉफमान याने १८९३ साली या रोगाचे वर्णन करून ठेवले. त्यानंतर शंभर वर्षे वैद्यकापाशी वर्णनापलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते.

आता या धाकट्याचा विवाह ठरला आहे. त्याने कोणाला न सांगता आपले रक्त तपासून घेतले, आणि कागदावर आले: प्रत एक. निरोगी माणसाजवळ या जनुकाच्या सामान्यतः दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. ज्याच्याजवळ एकच असते तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

आम्ही शास्त्राचे माणूस नव्हे. तेव्हा कागद ठेवून घेतला, आणि आमच्या शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षिकाबाईंच्या समोर पंधरा दिवस मधल्या सुट्टीत विद्यार्थी होऊन बसलो. जे समजले ते असे.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा एक ग्रंथ आहे. त्याची मुळाक्षरे अवघी चार. अक्षरसंख्या सुमारे तीन अब्ज. त्यातील एखाद्या प्रकरणाला, म्हणजे जनुकाला, अनुसरून प्रथिन घडवायचे असेल तर पेशी मूळ ग्रंथाला हात लावीत नाही. त्या प्रकरणाची नक्कल करून घेते. ही नक्कल म्हणजे आरएनए. १९७७ पर्यंत सर्वांचा समज असा की, नक्कल जशीच्या तशी वाचली जाते. त्या वर्षी अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांच्या दोन निरनिराळ्या गटांना, सर्दीपडशाच्या एका विषाणूचा अभ्यास करताना, आढळले की प्रकार तसा नाही. नकलेत मजकुराचे तुकडे आहेत आणि मधूनमधून लांबच लांब भरताड आहे. पेशी ते भरताड कापून टाकते आणि मजकुराचे तुकडे एकमेकांस जोडून मग वाचावयास देते. या कापण्याजोडण्याला स्प्लायसिंग म्हणतात. मजकुराच्या तुकड्याला एक्सॉन, भरताडाला इंट्रॉन. शार्प आणि रॉबर्ट्‌स यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या सूझन बर्गेट आणि लुईझ चाउ या विदुषींचे नाव त्यात नव्हते. शाळेच्या बक्षीस समारंभात असे झाले असते तर पालकांनी आम्हांस घेराव घातला असता.

कीर्तन ऐकणाऱ्या वाचकांना हे समजणे कठीण नाही. बुवा आख्यान लावतात. मध्येच एखादी गोष्ट, एखादा टोमणा, एखादे पद, पुन्हा आख्यान. घरी परतताना आजी नातवाला जे सांगते ते नुसते आख्यान; भरताड तिने वाटेतच गाळलेले असते. आणि तेच आख्यान दुसरे बुवा काही तुकडे वगळून लावतात, तेव्हा रंग निराळा भरतो. पेशीही तेच करते. एकाच प्रकरणातून तुकडे कमीअधिक जोडून ती एकाहून अधिक प्रथिने काढते. म्हणून माणसाची सुमारे वीस हजार जनुके एवढ्या मोठ्या संसाराला पुरतात.

पण तोड कोठे पाडायची हे कोण सांगतो? पेशीत मोडीवाचक असतात. आरएनएला जाऊन चिकटणारी ही प्रथिने आहेत. कोणी तुकड्याच्या आरंभी बसून ‘हा घ्या’ म्हणतो, कोणी भरताडात दबा धरून ‘हा तुकडा लपवा’ म्हणतो. या प्रथिनांचीही आपापली जनुके आहेत आणि त्यांत बिघाड झाला की रोग होतात. ज्या एसएमएन जनुकाची आपण गोष्ट करीत आहोत त्याचे प्रथिन याच कारखान्यातले. मात्र ते स्वतः तोड पाडीत नाही. तोड पाडणाऱ्या यंत्राचे जे सुटे भाग असतात, छोटे आरएनए आणि त्यांच्याभोवती कड्यासारखी बसविलेली प्रथिने, ते भाग जुळवून देणे हे त्याचे काम. कापणारा शिंपी निराळा, कात्री घडविणारा लोहार निराळा. हा लोहार.

या लोहाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९५ साली फ्रान्समध्ये ज्यूडिथ मेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आणि येथे गोष्टीला असे वळण लागते की कादंबरीकारालाही सुचू नये. या प्रकरणाच्या माणसात दोन आवृत्त्या आहेत, शेजारी शेजारी: एसएमएन-१ आणि एसएमएन-२. दुसरी आवृत्ती माणसाखेरीज कोणत्याही प्राण्यात नाही, चिंपांझीतही नाही. दोन्हींचा मजकूर जवळजवळ अक्षरशः एक. महत्त्वाचा फरक एका अक्षराचा, आणि तो सातव्या परिच्छेदात. (परिच्छेद मोजले तर नऊ भरतात; पण दुसऱ्याचे दोन भाग मानून गणना आठावरच थांबविली आहे, आपल्या अधिक महिन्यासारखी.) हा सातवा परिच्छेद अवघ्या चोपन्न अक्षरांचा. त्याच्या सहाव्या स्थानी पहिल्या आवृत्तीत सायटोसिन आहे, दुसरीत थायमिन.

मराठी माणसाला येथे ‘ध’चा ‘मा’ आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही कथा खरी की मागाहून रचलेली याविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत एकमत नाही. पण एका अक्षराने काय होते ते सांगावयास आपल्याला ती पुरते. आमच्या मनात मात्र एक शंका आली. ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा अर्थ बदलला. येथे अर्थ बदलतच नाही! त्या तीन अक्षरांचा पहिल्या आवृत्तीत जो अर्थ, फेनिलअ‍ॅलॅनिन नावाचे अमिनो आम्ल, तोच दुसऱ्या आवृत्तीतही. शब्दाला शब्द बरोबर. मग अनर्थ कशाने?

बाईंनी सांगितले ते ऐकून आम्ही क्षणभर थक्क झालो. अक्षर बदलल्याने अर्थ बिघडत नाही, तोड बिघडते. त्या अक्षरापाशी बसून ‘हा परिच्छेद घ्या’ म्हणणाऱ्या वाचकाची जागा पुसली जाते आणि ‘लपवा’ म्हणणाऱ्यांचे फावते. यंत्र सहाव्या परिच्छेदावरून उडी मारून थेट आठव्याला जोडते. सातव्यावाचून बनलेले प्रथिन टिकत नाही; पेशी ते मोडून टाकते. दुसऱ्या आवृत्तीच्या नकलांपैकी सुमारे दहांतली एकच पूर्ण उतरते. पहिली आवृत्ती शाबूत असेल तोवर हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही बाजूंना पहिली आवृत्ती गहाळ असेल, तर ते मूल दुसऱ्या आवृत्तीच्या तुटपुंज्या मिळकतीवर जगू पाहते. ज्याच्याजवळ दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती अधिक त्याचा रोग बहुधा सौम्य. ज्याच्याजवळ दोनच, ते बहुधा आमच्या विद्यार्थ्याच्या पुतणीसारखे. कात्री घडविणाऱ्या लोहाराचा स्वतःचा अंगरखाच कापताना चुकावा, तसा हा प्रकार.

तोडीची चूक ही विरळा गोष्ट आहे असेही नव्हे. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वांत अधिक आढळणारा दोष हा रक्ताच्या जनुकातील पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षराचा आहे. तेथेही तोडच चुकते. सिंधी समाजात या रोगाचे प्रमाण अधिक, म्हणून त्यांच्या पंचायतींनी विवाहापूर्वी रक्त तपासण्याची शिबिरे भरविली. आपण मराठी मंडळी, आपल्यात असले काही नाही, अशा समजुतीत असतो.

आता या रोगावर उपाय निघाले आहेत, आणि त्यांतील दोन उपाय वाचून भाषेच्या माणसाला आनंद व्हावा असे आहेत. मूळ ग्रंथ ते बदलत नाहीत; तोड सुधारतात. सातव्या परिच्छेदानंतरच्या भरताडात पंधरा अक्षरांची एक ओळ आहे, जेथे ‘लपवा’ म्हणणारे प्रथिन बैठक मारते. ही ओळ २००६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स विद्यापीठात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढली. पुढे एड्रियन क्रेनर, फ्रँक बेनेट प्रभृतींनी नेमकी त्या ओळीवर बसेल अशी कृत्रिम अक्षरांची एक लहानशी पट्टी सिद्ध केली. मुद्रणदोष झाकण्यासाठी आपण छापील पानावर कागदाची चिप्पी चिकटवीत असू, तशी ही चिप्पी. बैठकच झाकली गेली की लपविणारा दूर होतो आणि सातवा परिच्छेद नकलेत उतरतो. नुसिनर्सेन हे तिचे नाव. अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात तिला मान्यता मिळाली. ती पाठीच्या कण्यातून टोचावी लागते. दुसरे रिस्डिप्लाम, २०२० चे. हे तोंडाने घ्यावयाचे पातळ औषध, रोज एकदा, घरीच. ते सातव्या परिच्छेदाच्या अखेरची तोड पक्की करते. तिसरा उपाय निराळा: पहिल्या आवृत्तीची नवी प्रतच विषाणूच्या पाठीवर घालून पेशीत पोचविणे. तो २०१९ साली आला आणि त्याची किंमत ऐकून जगाने तोंडात बोट घातले. आपल्याकडे तो सोळा कोटींचे इंजेक्शन म्हणून प्रसिद्धी पावला. २०२१ साली मुंबईतील एका बालिकेसाठी लोकांनी पैसे उभे केले आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी पुण्याकडील एका बालिकेला इंजेक्शन मिळाले, आणि काही आठवड्यांतच ती गेली. लवकर दिले तर गुण अधिक, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी दिले तर सर्वांत अधिक. गेलेल्या पेशी मात्र कोणतेच औषध परत आणीत नाही.

पैशाची गोष्ट काढलीच आहे तर रिस्डिप्लामचा हिशेब येथे मांडतो. गणिताचा तास आम्ही पूर्वी घेत असू. एका बाटलीची छापील किंमत सुमारे सहा लाख वीस हजार रुपये होती. वीस किलो वा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णास एक बाटली बारा दिवस पुरते. वर्षाला तीस बाटल्या धरल्या तर एक कोटी शहाऐंशी लाख रुपये. २०२१ च्या दुर्मिळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात पुढे जी मदतीची मर्यादा ठरली ती पन्नास लाखांची. पुढे हैदराबादच्या नॅट्को कंपनीने हेच औषध स्वतः बनविण्याची तयारी केली. पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील खंडपीठाने आणि मागोमाग सर्वोच्च न्यायालयाने तिला अडविण्यास नकार दिला. आणि बाटली पंधरा हजार नऊशे रुपयांना बाजारात आली. आता तीस बाटल्यांचे चार लाख सत्त्याहत्तर हजार. शाळामास्तराला तेही झेपणारे नाहीत. पण पहिल्या आकड्यासमोर माणूस हात टेकतो आणि दुसऱ्यासमोर दागिने मोडायचा विचार करतो, एवढा फरक पडला. ती बातमी वाचली तेव्हा त्या पाणीदार डोळ्यांच्या मुलीला जाऊन दोन वर्षे झाली होती.

हे सर्व बरोबर घेऊन एका रविवारी आम्ही माईंच्या घरी गेलो. माईंचे वय सत्तरीच्या पुढे. महाकालाचे दर्शन चुकवावयाचे नाही, आणि घरात शब्द शेवटचा त्यांचा. चहा झाला. आम्ही मोडीपासून सुरुवात केली, कीर्तनापर्यंत आलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही सांगता ते खोटं नसेल. पण मुलीकडच्यांना हे कळलं तर लग्न मोडेल. आणि मोडलं तर पुन्हा या घराच्या दारात कोण येईल? पत्रिका जमली आहे, अठ्ठावीस गुण जुळले आहेत.”

त्यांचा राग येण्यासारखे यात काही नव्हते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजात घरे मोजकी. एका घरची गोष्ट चार गावांत पोचावयास एक हळदीकुंकू पुरते. पुतणीच्या आजारात थोरल्या सुनेच्या माहेराला जे बोल लावले गेले, ते माईंनीही ऐकले होते. काही त्यांनी स्वतःही लावले असतील. ती सून त्या वेळी दारामागे उभी होती हे आम्हांला ठाऊक होते, म्हणून आम्ही मुद्दामच थोडे मोठ्याने सांगितले की हा दोष एकाकडून येत नाही; त्यांच्या थोरल्या मुलाकडूनही तितकाच आला. धाकट्याच्या कागदावरची ती ‘प्रत एक’ त्याचीच साक्ष देते.

मग आम्ही आकडे सांगितले. लखनौच्या संजय गांधी संस्थेत डॉ. शुभा फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक पाहणी २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तिच्यात अडतीस माणसांत एक वाहक आढळला. म्हणजे समाजाच्या मेळाव्यात दोनशे पाने उठली तर त्यांत पाच जण असे असावयाचे, ज्यांना आपण वाहक आहोत याची गंधवार्ता नाही. होणारी सूनही वाहक असण्याचा संभव अडतिसांत एक. ती नसेल तर प्रश्न बव्हंशी मिटला. चाचणीच्या जाळ्यातून निसटणारे थोडे असतात, पण थोडेच. ती असेल तर प्रत्येक खेपेस चारांत एक भीती, आणि त्यावरही मार्ग आहे: गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून तपासणी करता येते, कायदा तिला अनुमती देतो. लग्न मोडण्याचे कारण दोन्ही परींनी उरत नाही. न सांगण्यात मात्र एक गोष्ट नक्की आहे. पुढे काही झाले तर त्या मुलीला हेही कळेल की या घराला ठाऊक होते.

माई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, “पत्रिकेत नाडी पाहतात ती कशासाठी, गुरुजी?” आम्ही म्हणालो, “छत्तिसांपैकी आठ गुण नाडीचे. संततीसाठीच पाहतात, असे जाणते सांगतात.” “मग हीही एक नाडीच की,” असे काहीसे त्या पुटपुटल्या. त्या आम्हांला उद्देशून बोलल्या की स्वतःशी, ते कळले नाही. दारामागून थोरली सून बाहेर आली आणि तिने कपबशा उचलल्या. आत जाण्यापूर्वी ती एकदा थांबली, म्हणाली, “माई, भाऊजींच्या सासरी मी बोलू का?”

माईंनी मान हलविली. नाही म्हणून हलविली असे प्रथम आम्हांला वाटले.

फोन तिनेच लावला, त्याच दुपारी. आम्ही तेव्हा निघून आलो होतो. पुढचे विद्यार्थ्याने सांगितले. पलीकडे मुलीची आई होती. वहिनींनी आपल्या मुलीचे सर्व सांगितले, काही न लपविता. मध्ये एकदा आवाज गेला तेव्हा फोन त्याच्या हाती द्यावा लागला. मुलीच्या आईने तासाभराने उलट फोन करून एवढेच विचारले की, तपासणी इंदूरला होते का, आणि उपाशीपोटी जावे लागते का. उपाशीपोटी जावे लागत नाही.

नमुना गेल्या सोमवारी गेला आहे. कागद यावयास तीन आठवडे लागतात. दप्तराचे म्हणाल तर दुसऱ्या कागदाच्या चार ओळी लागल्या आहेत. पाचव्या ओळीत एक शब्द अडला आहे, तो ‘मागे’ आहे की ‘मार्गे’, हे अजून ठरत नाही.